कादंबरी आणि बोलपट : ‘पथेर पांचाली’

एखाद्या गाजलेल्या कादंबरीवरून बोलपट निघाला, की घरोघर एक प्रश्न हटकून विचारला जातो : मूळ कथा तशीच ठेवली आहे ना? या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. ‘पथेर पांचाली’चेच उदाहरण पाहावे.

बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ही बंगाली कादंबरी १९२९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यावरून सत्यजित राय यांनी काढलेला बोलपट १९५५ साली पडद्यावर आला. निश्चिंदीपूर गावात भिक्षुकी करणारा हरिहर, त्याची पत्नी सर्वजया, मुलगी दुर्गा आणि धाकटा अपू यांची ही कथा. मूळ ग्रंथ विस्तृत आहे. त्यातील काशीचा भाग राय यांनी येथे गाळला आणि तो पुढे ‘अपराजितो’त घेतला. ही काटछाट अपरिहार्यच होती. परंतु काही बदल काटछाटीपलीकडचे आहेत, आणि तेच विचार करण्याजोगे आहेत.

पहिला बदल वृद्ध इंदिर ठाकरूणचा. कादंबरीत अपू तान्हा असतानाच ती जग सोडते. बोलपटात ती पुढेही जगते आणि बांबूच्या बनात तिचे निष्प्राण शरीर प्रथम दिसते ते या दोन मुलांनाच. मृत्यूची पहिली ओळख अपूला येथे होते.

दुसरा बदल आगगाडीचा. कादंबरीत दोघे भावंडे रेल्वेचा रस्ता शोधीत निघतात, पण दलदलीत वाट चुकून माघारी येतात. पुढे दुर्गा अंथरुणाला खिळते, तेव्हाही आगगाडी पाहण्याची इच्छा ती भावाजवळ बोलून दाखवते. ती इच्छा अपुरीच राहते. गाव सोडताना अपू प्रथम आगगाडीत बसतो, त्या वेळी त्याला बहिणीची आठवण येते. कादंबरीतील सर्वांत मोठे दुःख मला येथे वाटते. बोलपटात मात्र काश गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांमधून दोघे धावतात आणि काळा धूर सोडीत गाडी समोरून निघून जाते. हे दृश्य जगभर वाखाणले गेले. न आलेली गाडी शब्दांत सांगता येते. पडद्यावर ती दाखवायची कशी? राय यांनी आनंदाचा तो क्षण दाखवला, पण त्याची किंमत म्हणून मूळ कथेतील ती हुरहूर बरीचशी गमावली.

मग ते दुःख बोलपटात कोठे गेले? ते तिसऱ्या बदलात सापडते. दुर्गेने चोरलेली वस्तू तिच्या मृत्यूनंतर अपूच्या हाती लागते. कादंबरीत ती सोन्याची कुंकवाची डबी आहे आणि अपू ती बांबूच्या बनात भिरकावून देतो. बोलपटात ती मण्यांची माळ आहे आणि अपू ती तळ्यात फेकतो. पाण्यावरचे शेवाळ क्षणभर दुभंगते आणि हळूहळू पुन्हा मिटते. अपूच्या तोंडी एकही शब्द नाही. तरीही बहिणीचे गुपित आता कायमचे झाकले गेले, हे लहान मुलालाही कळते.

अनुवाद करणाऱ्यास हा अनुभव ओळखीचा वाटेल. एका भाषेतील गोडवा दुसऱ्या भाषेत त्याच जागी उतरत नाही. तो वाक्यात अन्यत्र कोठे तरी भरून काढावा लागतो. राय यांनी नेमके हेच केले. म्हणून बोलपट मूळ कथेपासून दूर जाऊनही तिच्याशी प्रामाणिक राहिला.

आज पुष्कळ घरांत मुले प्रथम बोलपट पाहतात आणि कथा कळली म्हणून पुस्तक उघडतच नाहीत. त्यांना एवढेच सांगावे, की पडद्यावर जी आगगाडी धडधडत निघून गेली, तिची वाट पाहणारी एक दुर्गा अजून पुस्तकात आहे. तिची भेट घेण्यासाठी पुस्तकच उघडावे लागेल.