मैदान आधी, मोजणी मागाहून

शाळेतील शारीरिक शिक्षणाचे मूल्यमापन केवळ शिट्टी आणि वही यांवर चालण्याचे दिवस मागे पडत आहेत. ‘खेलो इंडिया’ योजनेचे मोबाईल ॲप २०१९ मध्ये आले आणि विद्यार्थ्याची शारीरिक क्षमता शिक्षकाच्या हातातील फोनमध्ये नोंदली जाऊ लागली. लहान मुलांसाठी एका पायावर तोल सांभाळणे व दोन तबकड्यांना आळीपाळीने हात लावणे. नऊ वर्षांपासून पुढे ५० मीटर धाव, ६०० मीटर धावणे वा चालणे, बसून पुढे वाकणे, पोटाच्या बळावर उठणे आणि जोर काढणे. शिवाय उंची-वजनावरून निघणारा बॉडी मास इंडेक्स, अशी ही कसोटी आहे.

हा उपक्रम स्वागतार्ह आहे, याविषयी आम्हांला शंका नाही. या विषयाचे गुण आजवर बहुधा अंदाजाने पडत. शाळेच्या संघात खेळणाऱ्याला भरघोस, बाकीच्यांना सरसकट सारखे. मागील वर्षापेक्षा आपण किती पुढे गेलो, हे सामान्य विद्यार्थ्याला उमगत नसे. आता ते उमगू शकेल.

तथापि फोनमध्ये उमटलेला प्रत्येक आकडा अचूक मानण्याची घाई नको. धावणाऱ्या मुलाची वेळ घेतो तो शिक्षकाचा अंगठा. हाताने घेतलेली वेळ विद्युत-यंत्राच्या वेळेहून सुमारे पाव सेकंद कमी भरते, हे मैदानी स्पर्धांच्या जगात मान्य झालेले आहे. ५० मीटरच्या धावेत पाव सेकंद थोडका नव्हे. व्यायामाने कमावलेले स्नायू आणि बैठ्या सवयींनी साठलेली चरबी यांतील भेद बॉडी मास इंडेक्सला कळत नाही. काणकोणच्या मुलाने ऑक्टोबरच्या दमट उन्हात ६०० मीटरला लावलेला वेळ त्याच्याच जानेवारीतील सकाळच्या वेळेशी ताडून पाहणे हाही न्याय नव्हे.

याहून गंभीर प्रश्न मुलाच्या मनाचा आहे. वर्गासमोर वजन पुकारले गेलेला स्थूल मुलगा व्यायामाकडे वळत नाही, तो व्यायामाच्या तासालाच टाळतो. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळताना पालकांची संमती हवी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने स्वीकारले आहे. शरीराची माहिती तर अधिकच जपावयास हवी. ती विद्यार्थी, पालक व शिक्षक यांच्यापलीकडे जाता कामा नये. तिच्यावरून गुणानुक्रम तर लावूच नये.

आणि मोजून झाल्यावर पुढे काय? मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे दमदार हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले. आपल्याकडे आठवड्यात मिळणारे मोजके तासही परीक्षा जवळ येताच गणिताच्या स्वाधीन होतात. २०२३ मध्ये गोव्याने सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरविल्या. स्पर्धांसाठी मैदाने सज्ज करू शकणाऱ्या राज्याला प्रत्येक शाळेच्या मुलांसाठी धावण्यापुरती जागा उपलब्ध करून देणे अशक्य नाही.

म्हणून आमची सूचना अशी : चाचणी दरवर्षी एकाच ऋतूत घ्यावी, विद्यार्थ्याची तुलना त्याच्याशीच करावी आणि मागे पडलेल्यास व्यायामाचा निश्चित कार्यक्रम द्यावा. शिक्षण खात्याने मुलांच्या आकड्यांबरोबरच प्रत्येक शाळेचे मैदान, व्यायामशिक्षक आणि प्रत्यक्ष झालेले तास यांचीही नोंद ठेवून ती जाहीर करावी. तसे न झाल्यास व्यायामशिक्षक कारकून होईल आणि मुले होती तेथेच राहतील.