वेगाची उमेदवारी

रविवारी पहाटे लोणावळ्यातील चिक्कीची दुकाने उघडण्याआधीच महामार्गाच्या बाजूने इंजिनांचा आवाज येऊ लागतो. मुंबई-पुण्याची तरुण मंडळी महागड्या मोटारी आणि मोटारसायकली घेऊन घाटमाथ्यावर न्याहारीला येतात आणि येता येता आपसांत वेगाची परीक्षाही घेतात. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात ती आणखी कमी आहे. हा आकडा या मुलांना ठाऊक नसतो असे नाही. वेगाची ओढ त्या आकड्यापेक्षा प्रबळ ठरते, एवढेच. आणि ज्या घराने ती महागडी गाडी मुलाच्या हाती दिलेली असते, ते घर पुष्कळदा आपल्यासारखेच व्यापार-उद्योगातले असते.

अशा वेळी मावळातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. तळेगाव दाभाडे येथे वाहनांच्या सुट्या भागांचे तीन पिढ्यांचे दुकान. नातू पंधरा वर्षांचा. सुटीत दोन-तीन वेळा गो-कार्ट चालवून आलेला. एका संध्याकाळी जेवणे आटोपल्यावर तो वडिलांना म्हणतो, “पप्पा, मला फॉर्म्युला गाड्यांच्या शर्यतीत उतरायचंय.” वडील हिशेबाच्या वहीतून मान वर न करता विचारतात, “आणि दुकान कोण बघणार?” आई जिवाच्या भीतीने गप्प. आजोबा मात्र थोडा विचार करून विचारतात, “बेटा, मला एवढंच सांग. या धंद्यात उमेदवारी किती वर्षं करावी लागते, आणि ती कोणाच्या पेढीवर?”

प्रश्न जुन्या वळणाचा आहे, पण नेमका तोच विचारायला हवा. पूर्वी व्यापाऱ्याचा मुलगा थेट गादीवर बसत नसे. दुसऱ्याच्या पेढीवर राहून तो माल ओळखायला, माप धरायला आणि उधारी वसूल करायला शिके. मोटारींच्या शर्यतीतही अशा पेढ्या आहेत, आणि त्यांतील काही आपल्या देशातच आहेत.

फॉर्म्युला गाडी म्हणजे एकाच माणसाच्या आसनाची, उघड्या चाकांची गाडी. तिची चारही चाके सांगाड्याच्या बाहेर असतात. त्यामुळे दोन गाड्यांची चाके एकमेकांना लागली तर गाडी उडण्याचा धोका असतो, आणि शेजारच्या गाडीपासून किती अंतर राखायचे याचे भान चालकाला क्षणोक्षणी ठेवावे लागते. नवोदितांसाठी ज्या मालिका भरतात त्यांत सर्वांच्या गाड्या एकाच बनावटीच्या असतात. इंजिन सारखे, टायर सारखे, वजनाचा नियम सारखा. श्रीमंताच्या मुलाला अधिक ताकदीचे इंजिन विकत घेता येत नाही. एकाच तराजूत सगळ्यांना तोलले की फरक उरतो तो चालकाच्या हाताचा आणि डोक्याचा. अशा मालिकेची खरी किंमत या तराजूत आहे.

भारतात हा तराजू प्रथम उभारला तो एका उद्योगघराण्यातील माणसाने. कोइम्बतूरच्या लक्ष्मी मिल्स घराण्यातील सुंदरम करिवर्धन यांना शर्यतींचा विलक्षण नाद होता. स्वतःसाठी परदेशी गाड्या मागवणे त्यांना अवघड नव्हते. परंतु ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मारुती ८०० चे तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन घेऊन एक साधी, उघड्या चाकांची गाडी तयार केली. इंजिन देशी, सुटे भाग कोणत्याही गावात मिळणारे, दुरुस्ती कोणत्याही मारुतीच्या मेकॅनिकला जमणारी. ‘फॉर्म्युला मारुती’ या नावाने तिच्या शर्यती सुरू झाल्या, आणि ज्यांच्या घरी गिरणी नव्हती अशांनाही शर्यतीत उतरणे शक्य झाले. १९९५ मध्ये विमान अपघातात करिवर्धन यांचे निधन झाले. कोइम्बतूरजवळचा ‘करी मोटर स्पीडवे’ हा सुमारे दोन किलोमीटरचा ट्रॅक आज त्यांचे नाव चालवतो.

त्यांच्या मागून आली ती एलजीबी फॉर्म्युला मालिका. ही तीन अक्षरे कोइम्बतूरच्या एल. जी. बालकृष्णन अँड ब्रदर्स या कंपनीची आहेत. मोटारसायकलीची ‘रोलॉन’ चेन बनवणारी हीच कंपनी. तळेगावच्या त्या दुकानात फळीवर रोलॉनची खोकी रचलेली असतील, तर नातवाच्या स्वप्नाचा एक धागा आजोबांच्या हातात आधीपासूनच आहे असे म्हणायला हरकत नाही. जे. के. टायरच्या राष्ट्रीय स्पर्धेत धावणारी ‘एलजीबी फॉर्म्युला ४’ गाडीही मारुतीच्याच सुमारे १३०० सीसी इंजिनावर चालते.

या उमेदवारीतून काय निघते, याचे उत्तर नारायण कार्तिकेयन यांच्या नावात आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फॉर्म्युला मारुती चालवणारा हा कोइम्बतूरचा मुलगा १९९६ मध्ये फॉर्म्युला एशियाचा विजेता झाला आणि २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. त्याच वर्षी इंडियानापोलिसला तो चौथा आला. टायरच्या वादामुळे त्या दिवशी केवळ सहाच गाड्या धावल्या होत्या, हेही नोंदवले पाहिजे. हिशेब लिहिताना दोन्ही बाजू लिहाव्यात.

महाराष्ट्रातील हिशेबही तसाच दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. मुंबईचा जेहान दारूवाला हा उद्योजक घरातला मुलगा. ‘स्टर्लिंग अँड विल्सन’चे खुर्शीद दारूवाला हे त्याचे वडील. १९९८ चा जन्म. कार्टिंगपासून सुरुवात करून २०११ मध्ये, तेरा वर्षांच्या वयात, फोर्स इंडिया संघाने देशभरातून केलेल्या निवडीत तो पहिल्या तिघांत आला. पुढे इंग्लंड, युरोप, न्यूझीलंड असा प्रवास झाला. २०१७ मध्ये त्याने न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली, २०१९ मध्ये फॉर्म्युला थ्रीच्या जागतिक मालिकेत तिसरा आला, आणि डिसेंबर २०२० मध्ये बहरीनच्या साखीर येथे फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. फॉर्म्युला टूमध्ये त्याने एकूण चार शर्यती जिंकल्या. रेड बुलच्या तरुण चालकांच्या पथकात त्याला स्थान मिळाले, २०२२ मध्ये मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन गाडीची चाचणीही त्याने दिली. तरीही फॉर्म्युला वनच्या रांगेत त्याला जागा मिळाली नाही. २०२४ मध्ये तो विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मालिकेत उतरला.

ताळेबंद पाहणाऱ्याने येथे क्षणभर थांबावे. गुण होता, कष्ट होते, घरचे भांडवल होते, यशही होते. तरी शेवटची पायरी दूर राहिली. फॉर्म्युला वनमध्ये अनेक वर्षे दहा संघ आणि वीसच जागा होत्या. जगभरची हजारो मुले अशा मोजक्या जागांकडे पाहत असतात. युरोपात फॉर्म्युला ४ च्या एका हंगामालाच काही लाख युरो लागतात, आणि वरच्या प्रत्येक पायरीवर खर्च वाढत जातो. कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने हा तारणाविना, परताव्याची मुदत नसलेला व्यवहार आहे. म्हणून दुकान गहाण टाकून, किंवा भागीदारीतील पैसा काढून या वाटेला जाणे शहाणपणाचे नाही. जेहानचे यश खोटे नाही. पण त्याच्या वाटेवर चालण्याआधी प्रत्येक घराने आपली शिल्लक मोजावी.

नेमक्या याच ठिकाणी देशातील मालिकेचे महत्त्व कळते. २०२३ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेची भारतीय फॉर्म्युला ४ मालिका धावू लागली. पहिल्या हंगामाचा विजेता ऑस्ट्रेलियाचा कूपर वेबस्टर, २०२४ चा दक्षिण आफ्रिकेचा आकिल अलीभाई. अमेरिकेचा अक्षय बोहरा हा तरुणही याच मालिकेत येऊन धावला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस चेन्नईच्या आयलंड ग्राउंड्सभोवती, शहराच्या रस्त्यांवर, दिव्यांच्या उजेडात या गाड्यांची रात्रीची शर्यत झाली. आपली मुले आजवर बाहेर जात होती. आता बाहेरची मुले उमेदवारीसाठी आपल्या पेढीवर येऊ लागली आहेत. महासंघाच्या अटी पूर्ण झाल्यास फॉर्म्युला ४ च्या विजेत्याला फॉर्म्युला वनच्या परवान्यासाठी १२ गुण मिळतात. त्या परवान्याला ४० गुण लागतात. म्हणजे विजेतेपद मिळाले तरी पुष्कळ अंतर उरते. परंतु मुलाची कुवत कळायला परदेशात आयुष्याची पुंजी ओतण्याची गरज उरलेली नाही. एक-दोन हंगाम, ठरलेला खर्च, समान गाडी आणि घड्याळाने दिलेला निकाल, एवढ्यात ते समजते. घड्याळ कोणाची भीड धरत नाही.

कार्टिंगची पायरी तर आणखी जवळ आहे. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकॅडमीचे नाव या क्षेत्रात आदराने घेतले जाते, आणि कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन आला आहे.

आता आईच्या मौनाकडे वळू. तिची भीती खरी आहे. शर्यत धोक्याचीच आहे. पण ट्रॅकवर हेल्मेट, अग्निरोधक पोशाख, पाच-सहा पट्ट्यांनी बांधलेले शरीर, सज्ज डॉक्टर, झेंडे घेऊन उभे असलेले पंच आणि एकाच दिशेने जाणाऱ्या गाड्या असतात. रस्त्यावर यांतले काहीच नसते. तिथे समोरून दूधवाला येतो, शाळेची बस येते, पायी चालणारा येतो; त्यांनी कोणत्याही शर्यतीत नाव नोंदवलेले नसते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. ती गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. त्या दोन घरांचे नुकसान कोणत्याही भरपाईने भरून निघणारे नाही.

कायद्याची बाजूही घरात माहीत असावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे परवानगीवाचून रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीचा मालक तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस आणि पंचवीस हजारांच्या दंडास पात्र ठरतो. शिवाय नेहमीच्या मोटार विम्याच्या कागदात वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, आणि शर्यत व वेगाची चाचणी त्या मर्यादांच्या बाहेर असते. हा बारीक टाइप दुर्घटनेनंतर वाचण्यापेक्षा हप्ता भरताना वाचलेला बरा.

तेव्हा तळेगावच्या त्या घराने काय करावे? वडिलांनी नकार देऊन वही मिटली, तर मुलाची ओढ मिटणार नाही. ती खंडाळ्याच्या घाटात वाट शोधेल. मागेल ते दिले, तर मुलाला पैशाचे माप कळणार नाही. मधला मार्ग व्यापाऱ्याला सुचायला हवा. प्रथम देशाच्या मोटर स्पोर्ट महासंघाची मान्यता असलेली संस्था आणि रीतसर परवाना पाहावा. वर्षाचा खर्च आधी लिहून काढावा: प्रशिक्षण, प्रवेश शुल्क, टायर, प्रवास, आणि गाडी मोडली तर तिची भरपाई. ही शेवटची रक्कम अनेक जण विसरतात. अपघाताचा वेगळा विमा घ्यावा. शाळा सुटणार नाही ही अट ठेवावी. आणि थांबण्याची तारीख सुरुवातीलाच ठरवावी: अमुक हंगामात अमुक क्रमांकाच्या आत आला तर पुढे, अन्यथा येथे हिशेब बंद. हिशेब बंद झाला तरी हाती काहीच उरत नाही असे नाही. इंजिन कसे बोलते हे कानाने ओळखणारा, आकड्यांवरून चूक शोधणारा, हरूनही दुसऱ्या दिवशी कामाला लागणारा तरुण तळेगाव-चाकणच्या वाहन उद्योगालाही हवा असतो, आणि आजोबांच्या दुकानालाही.

अजून एक वाट आहे. करिवर्धन यांनी स्वतःच्या धावण्याहून अधिक भांडवल इतरांच्या धावण्यात गुंतवले. मावळातील पाच-सात घरांनी मिळून दरवर्षी एका होतकरू मुलाचा किंवा मुलीचा कार्टिंगचा हंगाम उचलला, तर एका घरावर भार पडणार नाही. त्यात आपल्या नातवाइतकीच संधी एखाद्या मेकॅनिकच्या मुलीलाही मिळेल. समान गाडीचा न्याय गाडीत बसण्याआधीच सुरू व्हावा, यात गैर ते काय?

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. उमेदवारी एक-दोन वर्षांची, पेढी देशातली, मालक घड्याळ. त्या घरात एवढे ठरले, तर आजोबांनी आणखी एकच अट घालावी: ट्रॅकचा परवाना हाती आला तरी अठरा पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर मोटारीच्या चाकाला हात लावायचा नाही. आणि त्यानंतरही घाटात समोरच्याला आधी वाट द्यायची. जो मुलगा ही अट मनापासून मान्य करील, त्याच्यावर एका हंगामाचे भांडवल लावायला वडिलांनी फार वेळ घेऊ नये.