जुलमी राजवटींची नाणी आणि संग्राहकाचे उत्तरदायित्व

जुलमी राजवटीची नाणी संग्रही ठेवणे म्हणजे त्या राजवटीचा गौरव करणे आणि त्यांचा व्यापार म्हणजे बळींच्या यातनांवर नफा कमावणे, असा आक्षेप नाणेसंग्राहकांवर, विशेषतः नाझी जर्मनीची नाणी जमवणाऱ्यांवर, घेतला जातो. त्यावर संग्राहकांचे ठरलेले उत्तर असे की, नाणे हा धातूचा तुकडा असून धातूला पापपुण्य नसते. यांपैकी आक्षेप अतिव्याप्त आहे आणि उत्तर पोकळ आहे.

उत्तराचा पोकळपणा पोलंडमधील वूच (लोड्झ) शहराच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. जर्मनांनी 1940 मध्ये तेथे घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवण्यासाठी कुंपणबंद केलेली वस्ती, उभारली. रहिवाशांजवळचे जर्मन मार्क काढून घेऊन त्यांना फक्त त्या वस्तीतच चालणारे चलन दिले, आणि पुढे त्याच चलनाची ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमयुक्त हलक्या धातूची नाणीही पाडली. कुंपणापलीकडे या पैशाला कवडीचीही किंमत नसल्यामुळे बाहेरून चोरून अन्न विकत घेण्याची वाट बंद झाली. 1943 च्या दहा मार्कांच्या नाण्यावर ‘पावती’ अशा अर्थाचा जर्मन शब्द आणि डेव्हिडचा तारा आहे. म्हणजे लुटीलाच तिथे पोचपावतीचे रूप दिलेले दिसते. जे नाणे स्वतःच उपासमारीचे साधन होते, त्याला निव्वळ धातू म्हणणे ही पळवाट आहे.

तथापि, एवढ्यावरून आक्षेप सिद्ध होत नाही. बाळगणे म्हणजे गौरवणे हे समीकरण सर्वत्र लावले, तर महाराष्ट्रातील असंख्य संग्रहांत असलेल्या ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जच्या रुपयांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. युद्धकाळात त्या रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली, आणि त्याच काळात, 1943 मध्ये, बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. तरीही तो रुपया जपणाऱ्याला कोणी साम्राज्यवादी ठरवत नाही. शिवाय पुरावा नष्ट होणे अत्याचाऱ्याच्याच पथ्यावर पडते. पण पुरावा जपण्याइतकेच तो अस्सल असल्याची खात्री करणेही महत्त्वाचे आहे, कारण वूचच्या नाण्यांच्या नकली प्रती बाजारात आढळतात. वजन, धातू आणि ठशाचे बारकावे तपासून त्या ओळखणारा जाणकार ऐतिहासिक सत्याचेच रक्षण करीत असतो, कारण आधी खरी म्हणून खपलेली आणि नंतर उघडकीस आलेली प्रत्येक बनावट वस्तू नरसंहार नाकारणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत देते.

म्हणून नैतिक प्रश्न बाळगण्याचा नसून मिळवण्याचा आणि मांडण्याचा आहे. पहिली कसोटी अशी की, दिलेला पैसा कोणाकडे जातो. कोसळलेल्या नाझी सत्तेला आजच्या खरेदीतून काहीच मिळत नाही. उलट उत्तर कोरियाची सत्ता आजही अस्तित्वात असून ती परकीय संग्राहकांसाठी स्मारक नाणी, म्हणजे व्यवहाराऐवजी मुख्यतः विक्रीसाठी काढलेली नाणी, पाडते, आणि त्यांच्या पहिल्या विक्रीचा पैसा तिच्याच तिजोरीत जातो. त्यामुळे ऐंशी वर्षांपूर्वीच्या घेट्टोच्या नाण्यापेक्षा हे कोरे करकरीत नाणे नैतिकदृष्ट्या अधिक दोषास्पद ठरते. दुसरी कसोटी मालकीच्या परंपरेची आहे: वस्तू कोणाकोणाच्या हातून आली हे ठाऊक हवे, आणि ती बळीच्या कुटुंबाकडून हिरावलेली असल्यास परत करण्याची तयारी हवी. तिसरी कसोटी वर्णनाची आहे: स्वस्तिकाची नाणी विजयचिन्हांसारखी मिरवणे आणि घेट्टोचे नाणे ‘दुर्मीळ’ एवढ्याच शब्दात विकणे, या दोन्ही गोष्टी त्याज्य आहेत.

या तिन्ही कसोट्या पाळणाऱ्या संग्राहकाला दोषी ठरवण्याचा अधिकार आक्षेपकाला उरत नाही. परंतु त्या न पाळणाऱ्याला धातूच्या निष्पापपणाचा आधारही घेता येत नाही.