पामतेल देऊन लढाऊ विमाने – पण पायली कोणाच्या हातात?



आमच्या जंक्शनवरच्या युनियन ऑफिसात संध्याकाळी चार माणसे जमतात. शेजारच्या आरएमएसमधले एक साथी ड्यूटी सुटली की चहाला येतात. मध्यंतरी एका गार्डभाऊंनी (हल्ली त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणायचे, नाव वाढले, पगार होता तिथेच) मोबाइलवर आलेला एक मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. इंडोनेशियाने म्हणे कॉफी, चहा आणि पामतेल देऊन रशियाकडून लढाऊ विमाने घेतली, अमेरिकेच्या नाकावर टिच्चून, एक डॉलरही न मोजता! ऐकणाऱ्यांत लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, "वा रे पठ्ठे, याला म्हणतात स्वाभिमान." दुसरा पोट धरून हसला, "म्हणजे चहापत्ती देऊन विमान? मोडीवर भांडी घेतात तसं?"

आम्हाला दोन्ही पटले नाही. ते का, हेच इथे मांडायचे आहे, कारण असा मजकूर एका जंक्शनवर फिरतो तेव्हा तो भुसावळ, सोलापूर, इटारसी, सिकंदराबाद सगळीकडे फिरत असतो.

आधी खरे काय ते पाहू. २०१७ च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियाच्या संरक्षणमंत्र्यांनी आणि व्यापारमंत्र्यांनी मिळून जाहीर केले की रशियाची ११ सुखोई-३५ विमाने घ्यायची, किंमत १ अब्ज १४ कोटी डॉलर. त्यातली निम्मी, म्हणजे ५७ कोटी डॉलर, मालाने फेडायची. पामतेल, रबर, कॉफी, चहा, कोको, कापड अशी नावे तेव्हा घेतली गेली. २०१८ च्या फेब्रुवारीत करारावर सह्याही झाल्या. पण विमान एकही आले नाही. अमेरिकेने २०१७ सालीच कायदा केला होता की रशियाकडून मोठी शस्त्रे घेणाऱ्यावर निर्बंध घालू. ती तलवार डोक्यावर टांगलेली राहिली आणि २०२१ च्या डिसेंबरात इंडोनेशियाच्या हवाई दलप्रमुखांनीच सांगून टाकले की सुखोईचा नाद सोडला. म्हणजे गार्डभाऊंच्या मोबाइलवरचा मजकूर अर्धा खरा, अर्धा वाऱ्यावरचा. बोलणी झाली, सही झाली, बाकी सगळी हूल.

अशी हूल इंडोनेशियाचीच उठते असेही नाही. थायलंडचे पंतप्रधान थाक्सिन २००५ साली कोंबड्या देऊन विमाने घ्यायच्या गोष्टी करत होते. बर्ड फ्लूमुळे त्यांच्या गोठवलेल्या कोंबड्यांची परदेशी गिऱ्हाइके तुटली होती. पुढे लष्कराने त्यांनाच घरी बसवले आणि विमाने स्वीडनकडून घेतली. मलेशियाने मात्र नव्वदच्या दशकात मिग-२९ घेताना किमतीचा काही भाग खरोखरच पामतेलात चुकता केला.

आता हसणाऱ्यांना आमचे उत्तर. बाबांनो, हसता कशाला? इंडोनेशियाला डॉलर मिळतात कुठून? पामतेल, कोळसा, रबर विकूनच ना? ते बँकेतून फिरून विमान कारखान्याकडे गेले की त्याला म्हणायचे आधुनिक व्यवहार, आणि सरळ तेलाचे पिंप पुढे केले की गावंढळपणा! सुखोई सोडल्यावर इंडोनेशियाने २०२२ च्या फेब्रुवारीत फ्रान्सशी राफेलचा सौदा केला. ४२ विमाने, ८ अब्ज १० कोटी डॉलर. सुखोईच्या सौद्याच्या सातपट. त्यावर कोणी विनोद केल्याचे आमच्या कानावर नाही. फेडणारा तोच, फेडीचा माल तोच. मध्ये परदेशी कर्ज आणि त्याचे व्याज आले, एवढाच फरक.

आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना? त्यांच्याशी आमचे भांडण जास्त आहे, कारण ती आपली माणसे आहेत. मालाला माल ही काही रशियाने किंवा इंडोनेशियाने काढलेली युक्ती नाही. आपल्या गावगाड्यात बलुतं होतं ते काय होतं? सुताराने नांगर भरायचा, चांभाराने मोट शिवायची आणि वर्षाकाठी खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचे. पैशाचे नाव नाही. जुनी माणसे सांगतात, तंटा कधी धान्यावर नसायचा, मापावर असायचा. पायली भरणारा हात पाटलाचा. तो शीग लावून भरतो की सपाट, की तळाला बोटे ठेवून, हे बलुतेदाराने बघत उभे राहायचे. बोलला तर पुढच्या वर्षी तेही नाही.

विमानाच्या सौद्यात हीच गोष्ट आहे. विमानाची किंमत डॉलरात लिहिलेली, ती हलत नाही. तेलाचा भाव मात्र बाजारावर. आम्ही मॅट्रिक झालेली माणसे, पण त्रैराशिक अजून विसरलो नाही. समजा ५७ कोटी डॉलर नुसत्या पामतेलाने फेडायचे. भाव टनाला ६०० डॉलर धरला तर तेल लागते साडेनऊ लाख टन. एका मालगाडीत अडीच हजार टन धरा, ३८० गाड्या झाल्या. भाव १५०० डॉलर झाला तर त्याच विमानांना १५२ गाड्या पुरतात. हे आकडे हवेतले नाहीत. २०१७ साली पामतेल सहाशेच्या थोडे वर होते, २०१८ संपताना त्याच्याही खाली घसरले आणि २०२२ च्या वसंतात दीड हजाराच्या पुढे गेले. मग भाव कोणत्या दिवसाचा धरायचा? सहीच्या, की माल बोटीत चढेल त्या? की रशियाच्या दलालाने तो माल तिसऱ्या देशात विकला त्या दिवसाचा? ३८० आणि १५२ यांच्यामधल्या २२८ गाड्या कोणाच्या खिशात जाणार, हे या एका ओळीवर ठरते. आणि असल्या करारात नेमकी तीच ओळ लोकांपुढे येत नाही. अंदाजपत्रकात रोख खर्चाचा निदान आकडा तरी दिसतो. मालाने केलेली फेड कोणत्या तरी सरकारी व्यापार कंपनीच्या वहीत पडून राहते. संरक्षणाचा विषय म्हटला की संसदेचेही तोंड बंद. अफवा पिकतात त्या याच मातीत.

हे तेल काढतो कोण तेही बघा. सुमात्रा, बोर्निओच्या मळ्यांत मोठी संख्या रोजंदारीवाल्यांची. लांब काठीला विळा बांधून उंचावरचा घड तोडायचा, वीस-वीस किलोचा एकेक. रोजचा कोटा ठरलेला, तो भरला नाही तर मजुरी कापली जाते. एकट्याने भरत नाही म्हणून बायको येते, सांडलेली फळे वेचते, कधी पोरेही येतात. मजुरीच्या कागदावर नाव एकट्या नवऱ्याचे. आमच्या मराठवाड्यातल्या साथींना हे समजावून सांगायला नको. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, तसेच हे. बायकांना फवारणीचे काम, हातमोजे मिळाले तर मिळाले. ५७ कोटी डॉलरचा माल म्हणून मंत्री टेबलावर जे मांडतो ते हे. भाव पडला की सरकारला जास्त माल द्यावा लागतो, आणि मळेवाला कोटा वाढवतो. टाळ्या वाजवणाऱ्या साथींनी त्या बाईच्या जागी उभे राहून एकदा टाळी वाजवून दाखवावी.

याच इंडोनेशियाची एक जुनी गोष्ट आहे, ती या सगळ्याहून आम्हाला जास्त बोचते. १९९६ साली हाच देश विमाने देत होता आणि धान्य घेत होता! बांडुंगच्या सरकारी कारखान्यात, स्पेनच्या भागीदारीत, सीएन-२३५ नावाचे वाहतुकीचे विमान तयार होई. त्यातली दोन थायलंडला द्यायची आणि बदल्यात थायलंडचा चिकट तांदूळ घ्यायचा, असा सौदा झाला. तेव्हाही लोक हसले होते. आम्ही म्हणतो, हसण्यासारखे काय होते? कामगाराने बनवलेली वस्तू देऊन पोटाला तांदूळ घेतला. (कारखाना सुहार्तोसारख्या हुकूमशहाच्या लाडक्या मंत्र्याचा, पैशाची उधळपट्टी भरपूर, हेही आम्ही लपवत नाही.) पुढे १९९७ ची आशियाई मंदी आली, रुपिया कोसळला. १९९८ च्या जानेवारीत सुहार्तो खाली वाकून नाणेनिधीच्या कागदावर सही करताहेत आणि नाणेनिधीचे प्रमुख कामदेस्यू हाताची घडी घालून डोक्यावर उभे आहेत, तो फोटो जगभर छापला गेला. त्या कागदातली एक अट होती, विमान कारखान्याला सरकारी पैसा बंद. २००३ साली तिथल्या हजारो कामगारांना घरी पाठवले गेले. विमान बनवणारा देश वीस वर्षांनी पामतेल घेऊन विमान मागायला निघाला. खाउजाचा अर्थ विचारतात पोरे, त्यांना एवढे सांगितले तरी पुरे आहे.

आता घरचे. आपणही हा रस्ता चालून आलो आहोत, आणि इथे आमच्याच चळवळीतल्या जुन्या भक्तांना थोडे दुखेल. सोव्हिएत युनियनशी आपला रुपयातला व्यापार पन्नाशीच्या दशकात सुरू झाला. त्याने भिलाई दिले, बोकारो दिले. मिग-२१ दिले, आणि ते आपल्याच नाशिकजवळच्या ओझरला बनू लागले. हजारो मराठी कामगारांच्या घरात त्या कारखान्याने चूल पेटवली. त्या मिगची शेवटची तुकडी २०२५ च्या सप्टेंबरात निवृत्त झाली तेव्हा ओझरच्या जुन्या कामगारांचे डोळे ओले झाले असतील. त्यांना कमी लेखण्याचा इथे काही संबंध नाही. चहा, कॉफी, तंबाखू, कापड, चामड्याचा माल देऊन आपण ते कर्ज फेडत होतो. चहाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक तेच होते. सौदा वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. डॉलरच्या दारात त्या काळी आपल्याला कोण उभे करत होते?

पण १९९१ साली सोव्हिएत युनियनच उरला नाही. १९९३ च्या जानेवारीत येल्त्सिन दिल्लीला आले तेव्हा हिशेबाला बसायची वेळ आली. त्या महिन्यात बाजारात एका डॉलरला चारशेच्या वर रुबल मिळत होते. आपल्यावरचे कर्ज, ज्यातला मोठा वाटा शस्त्रांचा, ते काही या भावाने मोजले नाही. जुन्या सरकारी दराशी बांधून ते रुपयात ठरवले गेले. मोठा भाग १२ वर्षांत आणि उरलेला ४५ वर्षांत, फेड मालाने. तिकडे रुबल मातीमोल, इकडे आपले देणे शाबूत. त्यांची बाजू नव्हती असे नाही. शस्त्रे त्यांनी स्वस्तात आणि उधारीत दिली होती. पण आमचा प्रश्न असा की तो दर ठरवताना चहाच्या मळ्यातला, तंबाखूच्या शेतातला माणूस कोणत्या खुर्चीवर बसला होता? गिऱ्हाईक मोडले तेव्हा आसामच्या मळ्यांवर आलेली वेळ त्याने भोगली. पायली मात्र त्याच्या हातात कधीच दिली गेली नाही, ना मैत्रीच्या काळात, ना मैत्री संपल्यावर.

शेवटी पुन्हा इंडोनेशिया, कारण त्याचा चटका आपल्या कढईपर्यंत आला होता. राफेलच्या करारावर सह्या झाल्या त्याच २०२२ च्या फेब्रुवारीत, जगात सर्वांत जास्त पामतेल काढणाऱ्या त्या देशात बायका खाद्यतेलाच्या पिशवीसाठी रांगेत उभ्या होत्या. ती रांग विमानांमुळे लागली असे आम्ही म्हणणार नाही, तसे म्हणणे खोटे ठरेल. बाहेर भाव चढा, म्हणून माल बाहेर. घरात सरकारने भाव बांधला, म्हणून दुकानातून माल गायब. २८ एप्रिलला सरकारने निर्यातच बंद केली, ती २३ मेपर्यंत. इकडे आपल्या बाजारात तेलाचे डबे कडाडले, कारण परदेशी पामतेलावाचून आपले फरसाणही तळले जात नाही. पण हे लक्षात घ्या की त्या वेळी सुखोईचा करार चालू असता, तर बोटीत चढणाऱ्या तेलावर पहिला हक्क विमानाचा राहिला असता. रांगेतल्या बाईसाठी निर्यात थांबवायची म्हटली, तर करारभंग!

आमचे म्हणणे एवढ्यासाठी की उद्या आपल्या देशातही कोणी तांदूळ, साखर, कांदा पुढे करून शस्त्रे घ्यायची भाषा केली, तर आधी टाळी नको आणि हसूही नको. भाव कोणत्या दिवसाचा, माल कोणाकडून कोणत्या दराने घेणार, देशात टंचाई पडली तर माल रोखायचा अधिकार राहतो का, एवढे संसदेत छापील कागदावर मागायचे. विमान कसे उडते हे गुपित ठेवा, आमची हरकत नाही. तांदूळ कोणत्या भावाने गेला यात गुपित कसले? शाखांनी येत्या सभेत हा विषय घ्यावा, आणि फेडरेशनकडे ठराव पाठवावा. बंदरांवर मालगाड्या लावणारे साथी, चहाच्या मळ्यांच्या भागात टपाल वाटणारे साथी, यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेले लिहून कळवावे. आमच्या त्रैराशिकात चूक सापडली तर तेही कळवावे. गार्डभाऊंनी ते दोनदा तपासून पाहिले आहे, पण त्यांना नागपूरची गाडी गाठायची होती.