गाणं मध्येच का थांबतं?



दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की घर जरा निवांत होतं. आठवड्यातले तीन दिवस मी दुपारच्या शाळेत शिकवायला जाते. उरलेल्या दिवशी ही वेळ माझी आणि सासूबाईंची. गुडघ्यांमुळे त्या बहुतेक वेळ मागच्या खोलीतच असतात. तरुणपणी त्या गाणं शिकल्या होत्या. म्हणून गेल्या दिवाळीत ह्यांनी हौसेनं त्यांच्या खोलीत चांगले स्पीकर, अँप्लिफायर आणि इंटरनेटवरून गाणी वाजवणारा स्ट्रीमर बसवून दिला.

चार दिवस कौतुकात गेले. मग गाणं अडखळायला लागलं. ख्याल रंगात यावा, गवई समेवर यायला आणि आवाज गप्प! हातातली पोळी तव्यावर टाकून मी धावायची, पुन्हा सुरू करून यायची. एकदा केर काढताना स्पीकरवर धुळीचा थर दिसला. विचारलं तर म्हणाल्या, "राहू दे गं. तुला सारखं उठावं लागतं." पंधरा दिवस त्यांनी गाणं लावलंच नव्हतं. माझ्या मनाला फार लागलं ते.

ह्यांनी इंटरनेटचा जास्त वेगाचा प्लॅन घेतला. बिल वाढलं, अडखळणं तसंच! तेव्हा मीच जरा खोलात शिरले.

तुम्ही म्हणाल, हे पुरुषांचं काम. पण नळाचं गणित आपल्याला कळतंच ना? टाकी भरलेली असली, तरी मोरीपर्यंतची नळी गळकी असेल तर बादली भरत नाही. आमचा राउटर पुढच्या खोलीत. मध्ये दोन जाड भिंती, लोखंडी कपाट, वर स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह. बऱ्याच घरांतलं वायफाय आणि मायक्रोवेव्ह साधारण एकाच लहरींवर चालतात, त्यामुळे भाजी गरम करायला ठेवली की गाणं हमखास अडायचं.

सीडीच्या दर्जाच्या गाण्याला सेकंदाला सुमारे १४ लाख बिट माहिती लागते. फ्लॅक पद्धतीत काहीही न गमावता ती बरीच कमी जागेत बसते. अगदी वरच्या दर्जाच्या, म्हणजे २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झच्या ध्वनिमुद्रणालासुद्धा सुमारे ९२ लाख बिट पुरतात. नेटवर्कची साधी 'कॅट ६' वायर १०० मीटरपर्यंत सेकंदाला १०० कोटी बिट नेते! म्हणजे वेग पुष्कळ आहे. गाण्याला हवा असतो तो न तुटणारा प्रवाह, आणि तो वायरमधून मिळतो.

खर्चाआधी एक परीक्षा जरूर करा. कुणाकडून तरी लांब तयार वायर मागून आणा, राउटरपासून स्ट्रीमरपर्यंत जमिनीवरून टाका आणि एक संध्याकाळ गाणं ऐका. अडखळणं थांबलं, तर वायर बसवा. तरीही अडखळलं, तर दोष बहुधा बाहेरच्या लाइनचा. कंपनीकडे तक्रार करा.

वायर बसवून घेताना हे लक्षात ठेवा :

१. वायर शुद्ध तांब्याची घ्या. आतली बारीक तार ब्लेडनं खरवडून पाहा. लाल दिसली तर तांबं. पांढरी निघाली तर वर नुसता मुलामा. आमच्याकडे पहिल्यांदा आणलेली वायर अशीच पांढरी निघाली, ती मी परत पाठवली.

२. विजेच्या पाइपातून ही वायर ओढू देऊ नका. "वहिनी, भिंत फोडायला नको, एकाच पाइपातून नेतो," असं इलेक्ट्रिशियन म्हणतोच. ठाम नाही म्हणा. त्यात २३० व्होल्टचा धोका आहे. छताच्या कडेनं वेगळी प्लॅस्टिकची पट्टी लावून घ्या.

३. कोपऱ्यात वायर घडी घातल्यासारखी मोडू नका, गोलाई राहू द्या.

४. आतल्या आठ तारांच्या रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखाच हवा. कारागीर जायच्या आत टेस्टर लावून आठही दिवे पाहून घ्या.

५. राउटरच्या पाठीमागच्या लॅनच्या जागा भरल्या असतील, तरच वेगळा स्विच घ्या. पाच जागांचा साधा स्विच पुरतो.

६. स्ट्रीमरपासून अँप्लिफायरपर्यंतही वायरच ठेवा. मध्ये ब्लूटूथ आलं, की बहुधा गाणं पुन्हा आवळलं जातं. मोबाइल फक्त गाणं निवडायला वापरा.

'संगीतासाठी खास' म्हणून हजारो रुपयांची नेटवर्क वायर गळ्यात मारतात, तिच्या नादी लागू नका. माहिती पुड्या बांधल्यासारखी येते. एखादी पुडी हरवली तर यंत्र ती पुन्हा मागवून घेतं. महाग वायरीनं सूर गोड होत नाही.

आम्हाला २५ मीटर वायर, पट्टी आणि मजुरी धरून दोन हजारांच्या आत खर्च आला. वाढीव प्लॅन बंद केला, त्यात तो हळूहळू भरूनही निघेल.

आता सासूबाई स्वतःच गाणं लावतात. परवा ऐकता ऐकता मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले आणि वरणाची डाळ खाली लागली. त्यावर आतून आवाज आला, "लागू दे गं, हा अंतरा ऐकून जा!"

तुमच्याही घरात कुणी वडीलधारं "राहू दे" म्हणून गप्प बसत असेल, तर एकदा ती जमिनीवरची वायर टाकून पाहाच.