क्षमा आणि तपास : आमिश वस्तीतील गुन्हेकथांविषयी

पदव्युत्तर वर्गात रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार शिकवताना आम्ही एक विधान वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत : रहस्यकथेला बंद जागा लागते. एखादे बेट, आगगाडीचा डबा, बर्फवृष्टीमुळे जगापासून तुटलेला वाडा. पात्रे मोजकी, बाहेर जाण्याची वाट बंद आणि गुन्हेगार त्यांच्यातलाच. ह्या यादीत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अमेरिकन लेखकांनी आणखी एका जागेची भर घातली आहे, ती म्हणजे आमिश वस्ती. ह्या कादंबऱ्यांची चर्चा चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "पण सर, ही माणसे पोलिसांना काही सांगत का नाहीत?" प्रश्न साधा होता, आणि त्याचे आम्ही दिलेले उत्तर आमचे आम्हांलाच अपुरे वाटले. प्रस्तुत लेख त्या अपुरेपणातून लिहिला आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. सोळाव्या शतकातील युरोपात ज्यांनी बालवयातील बाप्तिस्मा नाकारला त्या ॲनाबॅप्टिस्ट पंथीयांपैकी एक शाखा 1693 मध्ये याकोब अम्मान ह्या धर्मनेत्याच्या मागे वेगळी झाली. तिचे वंशज म्हणजे आमिश. अठराव्या शतकात ते अमेरिकेत आले. आज त्यांची संख्या चार लाखांच्या आसपास असून पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर व ओहायोतील होम्स ह्या परगण्यांत त्यांच्या सर्वांत मोठ्या वस्त्या आहेत. घोडागाडी, साधे कपडे, वीजवाहिनीशी न जोडलेली घरे ही त्यांची बाहेरून दिसणारी ओळख. गुन्हेकथेच्या दृष्टीने मात्र दुसऱ्याच गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. हे लोक सैन्यात वा पोलिसांत जात नाहीत, कोणावर दावा लावत नाहीत, न्यायालयात शपथ घेत नाहीत. सभासदाच्या हातून मोठे पाप घडले तर त्याने मंडळीसमोर गुडघे टेकून कबुली द्यायची, काही आठवडे बहिष्कार सोसायचा आणि मग मंडळीने त्याला क्षमा करायची. क्षमा झाल्यावर तो विषय पुन्हा काढायचा नाही. जो काढील, तोच दोषी.

म्हणजे रहस्यकथा जेथे सुरू होते, तेथे आमिश समाज थांबतो. झालेले खणून काढणे हा रहस्यकथेचा धर्म, तर झालेले क्षमेखाली पुरणे हा आमिश समाजाचा. हा विरोध ज्या कादंबऱ्यांनी ओळखला त्या मोजक्या आहेत. उरलेल्यांत टोपडी, कंदील आणि घोडागाडी ही केवळ सजावट असते. खून कोठेही घडला असता, तो येथे घडला एवढेच. आमिश पात्रांना तेथे दोनच भूमिका मिळतात : निष्पाप बळी किंवा तोंड मिटून बसलेला म्हातारा. विचार करण्याचे काम बाहेरून आलेला शहरी तपासनीस करतो.

मोजक्या म्हटल्या त्यांचा उल्लेख करतो. पी. एल. गॉस यांच्या 'ब्लड ऑफ द प्रॉडिगल' (1999) ह्या कादंबरीत एका बिशपचा नातू नाहीसा होतो आणि बिशप पोलिसांकडे न जाता एका पाद्र्याची व एका प्राध्यापकाची मदत मागतो. पोलिसांना दूर ठेवण्याचा हा हट्ट गॉस यांनी केवळ कथानकातील अडथळा म्हणून वापरलेला नाही. त्यामागची श्रद्धा समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. जोडी पिको यांच्या 'प्लेन ट्रुथ' (2000) मध्ये गोठ्यात नवजात अर्भकाचे प्रेत सापडते आणि संशय एका आमिश मुलीवर येतो. तिचा बचाव करणारी शहरी वकील तिच्याच घरी राहू लागते. वकिलाच्या लेखी कबुली हा पुरावा असतो, मुलीच्या लेखी तो समाजात परत येण्याचा मार्ग असतो. एकाच शब्दाच्या ह्या दोन अर्थांतच त्या कादंबरीचे खरे नाट्य आहे.

ज्या समाजाविषयी हे लिहिले जाते, त्याची स्वतःची एक पाठलागाची कथा आहे, आणि ती ह्या कादंबऱ्यांशेजारी ठेवून वाचावी असे आम्हांला वाटते. 1660 साली डच भाषेत प्रसिद्ध झालेला 'मार्टर्स मिरर' हा हुतात्म्यांच्या कथांचा जाडजूड ग्रंथ आजही अनेक आमिश घरांत असतो. त्यात डर्क विलेम्स ह्या ॲनाबॅप्टिस्टाची हकिकत आहे. तो कैदेतून पळाला. गोठलेल्या पाण्यावरून तो पार गेला, पण पाठलाग करणाऱ्याच्या पायाखालचा बर्फ फुटला. डर्क मागे वळला, त्याने बुडणाऱ्याला बाहेर काढले, आणि त्यामुळेच तो पुन्हा पकडला गेला. 1569 मध्ये त्याला जिवंत जाळण्यात आले. रहस्यकथेच्या वाचकाला पळणारा निसटतो की सापडतो एवढेच ठाऊक असते; मागे वळणाऱ्यासाठी त्या वाङ्मयप्रकारात जागाच नाही. ही कथा ऐकत वाढलेल्या माणसाला 'गुन्हेगाराला शासन झाले' हा शेवट पुरा वाटेलच असे नाही.

ही केवळ ग्रंथातील गोष्ट राहिली नाही. 2 ऑक्टोबर 2006 रोजी लँकेस्टर परगण्यातील निकेल माइन्स येथील एका खोलीच्या शाळेत एका बाहेरच्या माणसाने दहा आमिश मुलींवर गोळ्या झाडल्या व स्वतःचाही जीव घेतला. पाच मुली दगावल्या. त्याच दिवशी काही आमिश माणसे मारेकऱ्याच्या कुटुंबाचे सांत्वन करण्यास गेली. पुढे त्याच्या दफनविधीला मृत मुलींचे आईबापही उपस्थित होते. जगभर ह्या क्षमेचे कौतुक झाले, आणि ते अयोग्य नव्हते.

परंतु येथेच थांबणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. निकेल माइन्समधील मारेकरी बाहेरचा होता आणि मेलेला होता. क्षमा करणाऱ्यांनी स्वतःचे दुःख ओलांडून ती केली होती. गुन्हेगार घरातलाच असेल, जिवंत असेल आणि पुढच्या रविवारी प्रार्थनेला समोरच्या बाकावर बसणार असेल, तर? आमिश कुटुंबांतील लैंगिक अत्याचारांविषयी 2020 साली अमेरिकन नियतकालिकांतून जे शोधवृत्त प्रसिद्ध झाले, त्यात हेच पुढे आले : अत्याचारी व्यक्तीने मंडळीसमोर कबुली दिली, तिची शिक्षा काही आठवड्यांत संपली, आणि पीडित मुलीला मात्र सांगितले गेले की तू क्षमा केली आहेस, आता बोलू नकोस. तिच्या वतीने क्षमा दुसऱ्यांनीच करून टाकली. डर्क विलेम्स स्वतः मागे वळला होता, त्याला कोणी ढकलले नव्हते. क्षमेचे सारे मोल ह्या फरकावर अवलंबून आहे.

म्हणूनच लिंडा कास्टिलो यांच्या 'स्वॉर्न टू सायलेन्स' (2009) ह्या कादंबरीला, तिच्यातील भडक हिंसेबद्दल नाराज असूनही, आम्ही महत्त्व देतो. केट बर्कहोल्डर ही ओहायोतील एका काल्पनिक गावाची पोलीसप्रमुख जन्माने आमिश आहे. चौदाव्या वर्षी तिच्यावर अत्याचार झाला, तिने अत्याचाऱ्यावर गोळी झाडली आणि घरच्यांनी ते प्रकरण शब्दशः पुरून टाकले. मोठेपणी ती ज्या खुनांचा तपास करते, तो तपास तिला त्या पुरलेल्या गोष्टीपाशी घेऊन जातो. येथे तपासनीस बाहेरचा राहत नाही. क्षमा आणि शोध ह्यांचा झगडा एकाच बाईच्या मनात होतो. घरच्यांचे मौन तिला वाचवणारे होते की कोंडणारे, ह्याचा निवाडा खुनी सापडल्यावरही होत नाही. ह्या मालिकेच्या पुढील भागांत ठरीव साचा पुष्कळ आला हे खरे, पण पहिल्या भागातील ही जखम अस्सल आहे.

मराठी वाचकाने एक सावधगिरी बाळगायला हवी. आमिश बहिष्काराला आपल्याकडे 'वाळीत टाकणे' हा शब्द तयार आहे, आणि तो उच्चारताच जातपंचायती डोळ्यांसमोर येतात. साम्य आहे, बोलणाऱ्याचे तोंड बंद करण्याची रीत दोन्हीकडे ओळखीची वाटते. पण जात जन्माने चिकटते, तर आमिश मंडळीत माणूस सज्ञान झाल्यावर, स्वतःच्या संमतीने बाप्तिस्मा घेऊन येतो आणि बहिष्कार अशा बाप्तिस्मा घेतलेल्यांवरच पडतो. ह्या संमतीत किती मोकळीक असते हा वादाचा विषय होईल. तरीही भेद विसरून वाचले तर आपण त्या कादंबऱ्यांत आपलेच गाव पाहून परत येऊ.

त्या विद्यार्थिनीला आता आम्ही असे सांगू : ही माणसे पोलिसांना सांगत नाहीत, कारण सांगण्याने काय साधते ह्याची त्यांची कल्पना आपल्यापेक्षा वेगळी आहे, आणि ती कल्पना उदात्त आहे. पण त्याच वस्तीत कोणी एक मुलगी अशी असते, की जिला सांगायचे असते आणि सांगू दिले जात नाही. आमिश वस्तीतील गुन्हेकथेने ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानाव्यात, एवढीच तिच्याकडून आमची अपेक्षा आहे. ज्या कादंबरीला हे जमत नाही, तिच्यात खुनी सापडला तरी हाती फारसे काही लागत नाही.