पहिल्याच रविवारी साक्ष नको



बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव. त्यामुळे सुट्टीवर आलेला जवान आपल्या मंडळीला नवा नाही. तो आला की पहिल्याच रविवारी त्याला पुढे बोलवायचं, हार घालायचा आणि हातात माइक देऊन साक्ष द्यायला लावायची, ही आपली रीत. माझं म्हणणं, ती दोन रविवार पुढे ढकलावी.

तो कुठून येतो ते बघा. सियाचिनचंच घ्या. १९८४ च्या एप्रिलपासून आपलं सैन्य तिथे आहे. काही चौक्या २०,००० फुटांच्याही वर. एका चौकीवर साधारण तीन महिने काढायचे. थंडी उणे ५० पर्यंत जाते. अंघोळ नाही. रॉकेलच्या काजळीने थुंकीसुद्धा काळी. संत्रं दगडासारखं होतं, आणि डब्यातलं अन्न गरम केलं तरी खावंसं वाटत नाही. बर्फ सतत उपसायचा, नाहीतर तंबूच गाडला जाईल. चालायचं ते एकमेकांना दोर बांधून, बहुधा रात्री किंवा पहाटे, बर्फ घट्ट असताना.

परतीचे दिवस तर आणखी अवघड. बदलीची तुकडी हवामान बघून वर येणार, म्हणजे तारीख पक्की नाही. घरचे फोनवर विचारतात, "नक्की कधी?" हा म्हणतो, "येतो." एका जवानाने मला सांगितलं, "शेवटच्या आठवड्यात मन आधीच खाली उतरतं, पाय मात्र बर्फातच असतात. म्हणून उस्ताद ओरडायचे, बेस कॅम्प येईपर्यंत घर विसरा."

आणि सगळे परततातच असं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम चौकीवर हिमकडा कोसळून दहा जण गाडले गेले. आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातले लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण ११ तारखेला दिल्लीत तेही गेले.

खाली आल्यावर अंघोळ, दाढी, मग लेह, विमान, रेल्वे. काही दिवसांतच तो काळी पेटी घेऊन आपल्या स्टेशनवर उतरलेला असतो. गणनाच्या ३१ व्या अध्यायात लढाईहून आलेल्यांना सात दिवस छावणीबाहेर राहायला सांगितलं आहे. कारण शुद्धीचं होतं, आणि त्या अध्यायातला बाकीचा भाग वाचायला जड जातो हेही खरं. पण परतणाऱ्याला मधे थोडे दिवस दिले होते, एवढं तर दिसतं. आपण एक तासही देत नाही.

त्याला मागच्या बाकावर बसू द्या. पाळकसाहेबांनी हात मिळवावा, पुरे. कोणी आपणहून साक्षीला उभा राहिला तर प्रश्नच नाही. आणि त्याच्या बायकोचं काय? लाइट बिल, मुलांच्या परीक्षा, सासूची औषधं, शिवाय रात्री-अपरात्री फोन वाजला की छातीत होणारी धडधड, हे सगळं तिने एकटीने काढलं. तिला माइक दिलेला मी तरी कधी पाहिला नाही.

येत्या सभेत हा विषय काढणार आहे. हार स्टेशनवर घाला, तिथे कोणाची हरकत नाही.